सपाट वाट अन् मधी एक नाव: तुमचे अनुभव लिहा

मंडळी, आपल्याकडं चालायला जायचं म्हणलं की सगळे सज्जनगड, अजिंक्यतारा नाहीतर दंडोबा काढतात. ज्यांचे गुडघे गेलेत, ज्यांच्या कडेवर पोर आहे त्यांनी काय करायचं? नदीकाठची सपाट वाट धरायची, मधी एकदा नावेनं पलीकडं जायचं, माझ्या मते एवढ्यानं दिवस भरतो. तुम्ही कुठं गेलाय, कुणाला घेऊन, पाणी कसं होतं, सगळं लिहा. कोकणातलं पण चालेल. सुरुवात मी करतो.

आमचे आबा 74 वर्षांचे, उजवा गुडघा दुखतो. नोव्हेंबर संपता संपता आम्ही एसटीनं भिलवडीला उतरलो, त्या दगडी घाटावर जरा बसलो अन् मग उसाच्या कडंकडंनं भुवनेश्वरीच्या देवळापर्यंत चालत. तोडणी चालू होती, पाणंदीत ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पडलेल्या, बाकी चढ असा कुठं नाही. आबा दर दहा मिनिटांनी थांबायचे पण गुडघ्यासाठी नाही, मळीतली वांगी बघायला. मळी म्हणजे पुरानं आणून टाकलेला गाळ, त्यातल्या वांग्याची चव दुसऱ्या रानाला येत नाही हे कृष्णाकाठच्या माणसाला सांगायला नको.

देवळाखाली नाव लागलेली. नावाडी मामांनी आधी सगळ्यांवर एक नजर फिरवली अन् मग कोण कुठं बसायचं ते सांगितलं, दांडगे गडी मधी, पोरं खाली पायाशी, आबांना स्वतःच्या समोर. तळाला चार बोटं पाणी होतं, तेलाचा पत्र्याचा डबा कापून ठेवलेला, त्यानं एक पोरगं पाणी उपसत होतं. मधल्या धारेला आल्यावर आबांनी हात पाण्यात सोडला, लहानपणी सोडायचे तसा, तर मामा वल्हं न थांबवता म्हणाले, "आबा हात आत घ्या, मगर हाय." अन् खरंच पलीकडच्या काठावर एक ऊन खात पडलेली, जबडा उघडा, अजिबात हलत नव्हती. औदुंबर, अंकलखोप, भिलवडी ह्या पट्ट्यात मगरी आहेत हे पेपरात वाचलेलं असतं, पण तिच्या पाठीवरचे खवले मोजता येतील एवढ्या जवळनं बघितल्यावर नावेत कुणी बोलेना. औदुंबरला दर्शन झालं, सावलीला डबा सोडला, भाकरी अन् खरडा. येताना अंकलखोपच्या पुलावरनं आलो. रात्री आबा आईला फक्त नावेचंच सांगत होते.

मिरजेहून
माझी आठवण हरिपूरची, कोथळीचा पूल व्हायच्या आधीची. सांगलीतनं चिंचांच्या झाडांखालनं हरिपूरला चालत जायचो, संगमेश्वराला हात जोडायचे अन् कृष्णा-वारणेचा संगम बघून नावेनं कोथळी. नावेत सायकली पण चढवायचे, दुधाच्या किटल्या पण. आज्जी प्रत्येक वेळी वाटेत हळदीची पेवं दाखवायची. जमिनीखाली खोल खड्डे, तोंड अरुंद, आत वर्षानुवर्षं हळद टिकायची. पेव उघडलं की लगेच आत उतरत नाहीत, आधी हवा खेळू देतात, नाहीतर माणूस गुदमरतो, हे पण तिनंच सांगितलेलं. 2005 च्या पुरात पेवांत पाणी शिरलं आणि लई नुकसान झालं. आता पूल आहे, गाडीनं झटक्यात पलीकडं जाता येतं, लोकांची सोय झाली ते चांगलंच झालं. पण पुलावरनं संगम बघणं अन् दोन नद्यांचं पाणी एकमेकांत मिसळतंय त्याच्या मधोमध बसून बघणं ह्यात फरक आहे, मला ती नाव पाहिजे होती अजून.

कराडहून
आम्ही भिशीच्या सहाजणी, सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या. पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण करत गुहागरला मुक्काम. सकाळी वाळूवरनं चाललो, दुसऱ्या दिवशी धोपाव्याहून फेरीबोटीनं वाशिष्ठीची खाडी ओलांडून दाभोळ. गाडी अलीकडंच ठेवली, पायीच चढलो. बोटीत गाड्या एका बाजूला अन् माणसं कठड्याला, जेट्टीला लागताना तो लोखंडी फळा खाली येतो त्याचा आवाज अजून कानात आहे. दाभोळला जुनी दगडी मशीद बघितली, बंदरात मासे वाळत घातलेले, परत त्याच बोटीनं.

महत्त्वाचं सांगते, आपण घाटावरची माणसं, आपल्याला भरती-ओहोटीचं कळत नाही. पहिल्या दिवशी भरतीला निघालो अन् कोरड्या भुसभुशीत वाळूतनं पाय ओढत पोटऱ्या भरून आल्या. घरमालकीण काकूंनी मग हिशोब शिकवला. पंचांगातली तिथी घ्यायची अन् तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. अष्टमी असली तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती अन् दुपारी बाराच्या सुमाराला पाणी पुरतं उतरलेलं. पौर्णिमेला सव्वाअकरा येतात, म्हणजे भर दुपारी भरती, त्या दिवशी उजाडताना चालून घ्यायचं. ओली वाळू घट्ट असते, चप्पल हातात घेऊन कितीही चाला.

पलूसहून
कुणी वाईट वाटून घेऊ नका, पण लाईफ जॅकेट विचारून घेत जा. 8 ऑगस्ट 2019 ला ब्रह्मनाळला पुरातनं माणसं काढताना बोट उलटली, ते आमच्या तालुक्यात कुणी विसरलेलं नाही. पावसाळ्यात नाव हा विषयच काढायचा नाही. एरवी पण नावाडी म्हणाला एवढी माणसं नकोत तर उतरायचं, दुसऱ्या खेपेला जायचं.

साताऱ्याहून
आमचं मूळ गाव कोयनेच्या पाण्याखाली आहे. मे महिन्यात शिवसागरचं पाणी मागं सरतं, काठाला मातीचा रुंद पट्टा उघडा पडतो, तो चालायला बऱ्यापैकी सपाट. बामणोलीहून लाँच केली, पलीकडं उतरून आज्जीला घेऊन तासभर चाललो. एका ठिकाणी जोत्याचे दगड दिसले, एका रांगेत. आज्जी त्यावर बसली अन् म्हणाली, आपलं नसंल, पण कुणाचं तरी घर हाय हे. मी फोटो काढला नाही. माती वरनं भेगाळलेली कडक दिसते पण पाण्याजवळ पाय रुततो, म्हाताऱ्या माणसाचा हात सोडू नका.

तासगावहून
तीन वर्षांची मुलगी आहे, तिला औदुंबरला नावेतनं नेऊ का? मिस्टर नको म्हणतात.

धागाकर्ता
ताई, न्या, पण थंडीत, सकाळच्या पहिल्या खेपांना गर्दी नसते तेव्हा. मांडीवर घ्या, काठाला बसू नका अन् घाटावर पाण्यात पाय सोडून बसायचं अजिबात नाही, मगरीचं वर लिहिलंच आहे. संक्रांतीला तिथं साहित्य संमेलन असतं, त्या दिवशी गर्दी असते, तो दिवस टाळा.

कराडच्या ताई, तुमचं भरतीचं गणित आबांनी माझ्याकडनं दोनदा वाचून घेतलं. आत्ता भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढून, चष्मा लावून, अष्टमी कोणत्या वारी येतीय ते बघत बसलेत.