नासा हंप: एसएसटीचा बबल लांब येतोय, डीडीईएसचा त्याहून लांब!

भोवरा२३:
नमस्कार मंडळी, एमटेकचा प्रोजेक्ट आहे, नासाच्या हंपवरचा (भिंतीवरच्या उंचवट्याची टेस्ट केस) सेपरेटेड फ्लो, म्हणजे भिंतीपासून सुटलेला प्रवाह, कॉर्डवर (हंपच्या लांबीवर) रेनॉल्ड्स नंबर ९.३६ लाख. ओपनफोममध्ये (फ्लो सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर) के-ओमेगा एसएसटी चालवलं, म्हणजे सगळा टर्ब्युलन्स मॉडेलवर सोडणारं रान्स, सेपरेशन कॉर्डच्या ०.६६ च्या आसपास व्यवस्थित येतंय पण रीअटॅचमेंट (फ्लो परत भिंतीला चिकटतो ती जागा, मधला भाग म्हणजे बबल) एक्स्परिमेंटमध्ये १.१० ला आहे ती माझ्याकडे थेट १.२६. मेश तीनदा बारीक केला, वाय प्लस (भिंतीलगतच्या पहिल्या सेलचं अंतर) १ च्या खाली, आकडा ढिम्म हलत नाही. वैतागून डीडीईएस (भिंतीजवळ रान्स, लांब एलईएस म्हणजे मोठे भोवरे थेट सोडवणं) लावलं तर बबल अजूनच लांबला!! गाइड म्हणतात सरळ एलईएस कर, पण मशीन १६ कोअरचं एकच आणि तेही तिघांत. काय करू?

कट्टेकरी:
मेश बारीक करून हे जाणार नाही, खोट मॉडेलमध्येच आहे. बबलच्या वरच्या शिअर लेयरमध्ये रान्स मॉडेलं टर्ब्युलंट शिअर स्ट्रेस कमी देतात, मग वरचा वेगवान फ्लो खाली मिसळत नाही आणि बबल लांबतो. स्पालार्ट-ऑलमरास (दुसरं रान्स मॉडेल) लावलंस तरी तेच, या केसला सगळे एकाच माळेचे मणी. वॉल-रिझॉल्व्ड एलईएस १६ कोअरवर विसर, भिंतीजवळचे सेलच सगळं गिळतील. डीडीईएसमध्ये क्यू-क्रायटेरियन लावून बघितलंस का, भोवरे दिसतात?

भोवरा२३:
बघितलं, इस्त्री केलेल्या चादरीसारखं गुळगुळीत आहे 😅 स्कीमची फाइल रान्सचीच कॉपी केलीये, अपविंड.

कट्टेकरी:
मग झालं की! डीडीईएसने एडी व्हिस्कॉसिटी (मॉडेलने दिलेलं मिसळणं) काढून घेतली, आणि जे भोवरे तिच्या जागी यायचे ते अपविंडने मारले. म्हणजे ना मॉडेलचा स्ट्रेस, ना खरा. लस्ट स्कीम लाव, पाऊण लिनियर पाव लिनियर-अपविंड, आणि झेडमध्ये (रुंदीच्या दिशेत) सेल वाढव.

भिंगरी:
त्याने फरक पडेल पण पूर्ण सुटणार नाही. हंपच्या आधीचा बाउंड्री लेयर रान्समधून येतो, त्यात चढउतार नसतातच, म्हणून सेपरेशननंतर शिअर लेयर गुंडाळायला उशीर लावतो, यालाच ग्रे एरिया म्हणतात. इनलेटला सिंथेटिक टर्ब्युलन्स देऊन आयडीडीईएस (डीडीईएसची सुधारित आवृत्ती) करून बघ, तुझ्या मशीनवर तेवढंच झेपेल. आणि ॲव्हरेजिंग घाईने चालू करू नकोस, बॅकवर्ड स्टेपला (पायरीवरून खाली उतरणाऱ्या फ्लोची टेस्ट केस) मी सुरुवातीचा गोंधळ ॲव्हरेजमध्ये घेतला आणि आठवडाभर मॉडेलला शिव्या देत बसले.

भोवरा२३:
धन्यवाद ताई, दादा. लस्ट लावलंय, झेडमध्ये ४० सेल केलेत, आज रात्री सोडतो. लॅबमधल्या दोघांना चहा पाजून मशीन मागून घेतलंय.