नादारीचा (दिवाळखोरीचा) अर्ज करायचा आहे, मोफत वकील मिळेल का?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. भावाचं कराडचं शिलाईचं दुकान बंद पडलं. दोन वैयक्तिक कर्जं, क्रेडिट कार्ड आणि पतसंस्थेचं कर्ज (दोन जामीनदार) मिळून ८ लाख ४० हजार देणं आहे. वर्षाची कमाई सव्वादोन लाख. नावावर तीन शिलाई मशिनं आणि एक दुचाकी. वहिनीच्या नावाने अर्ज केला तर फुकट वकील हमखास मिळतो असं ऐकलं. खरं आहे का?

विधीमित्र
ज्याचं प्रकरण, पात्रता त्याचीच बघतात. स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही हे खरं, पण कर्ज वहिनींच्या नावावर नसेल तर त्यांचा इथे उपयोग नाही. आणि गरजही नाही. महाराष्ट्रात उत्पन्नाची मर्यादा ३ लाख आहे, भाऊ त्यात बसतो.

कराडच्या न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीत किंवा साताऱ्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मोफत वकिलासाठी साधा मराठी अर्ज द्या. सोबत आधार, उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र (तहसीलदारांचा दाखला असेल तर तोही) आणि आलेल्या सगळ्या नोटिसांच्या प्रती. निर्णय ७ दिवसांत व्हायला हवा. नाकारला तर अपील करता येतं. वकिलाची फी, कोर्ट फी, समन्सचा खर्च, नकला, सगळं यात येतं. नेमलेल्या वकिलांनी वर पैसे मागितले तर देऊ नका, प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा. आधी फोनवर विचारायचं असेल तर १५१०० लावा.

जुनी फाईल
वकील मिळाला तरी देण्यांच्या आणि मालमत्तेच्या याद्या तुम्हालाच करायच्या आहेत, आणि नादारीचे अर्ज फसतात ते याद्यांमुळेच. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेबद्दल नेटवर बरंच वाचाल, पण त्यातला व्यक्तींचा भाग सध्या कंपन्यांच्या जामीनदारांपुरताच लागू आहे. मुंबईबाहेर अजून १९२० चा प्रांतिक नादारी कायदा चालतो. नादारीचा अर्ज जिल्हा न्यायालयात.

प्रत्येक धनकोसाठी (ज्याचं देणं आहे त्याच्यासाठी) एक ओळ: नाव, पूर्ण पत्ता, आजचं देणं, जामीनदार कोण, दावा किंवा वसुली कुठवर आली. पतसंस्थेने सहकार कायद्याखालचा कलम १०१ चा वसुली दाखला काढला असेल तर त्याची तारीख लिहा. नातेवाइकांकडून घेतलेले हातउसने पैसेही याच यादीत. दुसरी यादी मालमत्तेची. कारागिराची हत्यारं जप्तीतून वगळलेली असतात, त्यामुळे मशिनं वाचवायचा मुद्दा मांडता येतो; पण यादीत ती लिहायचीच. लपवलं तर तेच अंगाशी येतं.

एक कळकळीने सांगतो, घाबरून दुचाकी मेव्हण्याच्या नावावर करू नका. अर्जाआधीच्या २ वर्षांतला असा फुकटचा व्यवहार रद्द होऊ शकतो. शेवटच्या ३ महिन्यांत एकाच धनकोला झुकतं माप देऊन पैसे फेडले तर तेही.

कृष्णाकाठ
खूप आभार. अर्ज दिला की वसुलीचे फोन थांबतील? आणि जामीनदारांचं काय?

विधीमित्र
नुसत्या अर्जाने थांबत नाहीत. न्यायालयाने नादार ठरवल्यावर मग परवानगीशिवाय नवा दावा लावता येत नाही. अटकेची भीती असेल तर संरक्षणाचा वेगळा अर्ज वकिलांना करायला सांगा. चेक परत गेल्याचा फौजदारी खटला मात्र चालूच राहतो.

जामीनदार सुटत नाहीत. भाऊ न्यायालयाच्या आदेशाने देण्यातून मुक्त झाला तरी पतसंस्था त्यांच्या मागे लागणार. म्हणून तेवढं एक कर्ज आधी लोकअदालतीत तडजोडीला न्या. तिथे फी नाही, आणि झालेल्या निवाड्यावर अपीलही नाही, तेव्हा झेपेल तेवढाच हप्ता कबूल करा.

जुनी फाईल
आणखी एक. नादार ठरवण्याच्या आदेशात देण्यातून मुक्ततेचा अर्ज किती दिवसांत करायचा ते लिहिलेलं असतं. ती मुदत चुकली तर आदेशच रद्द होतो आणि सगळे धनको पुन्हा दारात उभे राहतात. विधी सेवेने नेमलेले (पॅनेलवरचे) वकील मध्येच बदलू शकतात, म्हणून आदेशाची नकल मिळाली की ती तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.