मदत हवी आहे: मॉरिशसच्या ऊसमळ्यांतला खाडा आणि मजुरीची बोलणी

नमस्कार मंडळी,

एम.ए.च्या प्रबंधासाठी मॉरिशसमधल्या ऊसमजुरांच्या तंट्यांवर लिहितेय. माझे आईवडील ऊसतोडीला जायचे. मुकादमाच्या वहीत आईच्या नावापुढे मारलेल्या फुल्या मी लहानपणी पाहिल्यात. त्या खाड्यांचे किती कापले, हे पट्टा पडल्यावरच, म्हणजे हंगाम संपल्यावरच कळायचं.

मॉरिशसच्या इतिहासात तोच खाडा भेटला, पण दुप्पट. करारावर गेलेल्या मजुराला महिना ५ रुपये आणि शिधा. एक दिवस चुकला की दोन दिवसांची मजुरी जायची. यात रत्नागिरी-साताऱ्याकडून मुंबई बंदरातून गेलेली आपली माणसंही होती. १८७१ मध्ये मजुरांची बाजू घेणाऱ्या आदॉल्फ द प्लेवित्झ यांनी करार संपलेल्या मजुरांसाठी अर्ज लिहिला, त्यावर ९,४०१ सह्या झाल्या. पुढे चौकशीला ब्रिटनचा शाही आयोग आला. इथवर मला वाचायला पुष्कळ मिळालं.

अडलंय ते पुढे. १९३७ मध्ये कारखान्यांनी 'उबा' जातीच्या उसाचा भाव १५ टक्क्यांनी पाडला. हा ऊस मुख्यतः छोट्या शेतकऱ्यांचा. ते आणि मजूर एकत्र उठले, १३ ऑगस्टला युनियन फ्लाक इस्टेटवर गोळीबार झाला, चौघे गेले. मग चौकशीला हूपर आयोग बसला, १९३८ च्या कायद्याने कामगारांच्या संघटनांना मान्यता मिळाली, समेटाची सोय झाली. आणि तरी २७ सप्टेंबर १९४३ ला बेल व्ह्यू हारेल इस्टेटवर पोलिसांनी संपकऱ्यांवर गोळ्या झाडल्या. मेलेल्या चौघांत अंजले कूपेन होती. तिला दिवस गेलेले होते. तिचं वाचल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही.

या पाच वर्षांत मजुरीची बोलणी नेमकी कशी होत होती? मजुरांच्या बाजूने कोण बसायचं, सरदार (तिथले मुकादम) की संघटनेची माणसं? ठरलेला दर मळ्यावर मिळत होता का?

हूपर आयोगाचा आणि १९४३ च्या गोळीबारानंतरच्या मूडी आयोगाचा असे दोन्ही अहवाल मुंबई-पुण्यात कुठे वाचायला मिळतील? मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेच्या अभिलेखागारातून कुणी पत्राने कागद मागवलेत का? आणि इथे मॉरिशसच्या मराठी घरातलं कुणी असेल तर कृपया सांगा: तुमच्या आजी-आजोबांच्या तोंडी 'खाडा' होता का? नसेल, तर मजुरी कापण्याला ते काय म्हणायचे?

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल. फ्रेंच कागद असतील तरी पाठवा, शब्दकोश घेऊन बसेन.