आईचे जुने हातमशीन दुरुस्त करावे की नवे झिगझॅग घ्यावे?

निवांत

मी गेल्या वर्षी निवृत्त झालो असून, यापुढे स्वतःचे लेंगे आणि सदरे घरीच शिवावेत असे मनात आहे. माझी उंची सहा फुटांहून थोडी अधिक, हात लांब आणि अंगकाठी किरकोळ. त्यामुळे तयार सदरा छातीला नीट बसतो तेव्हा बाही मनगटाच्या वरच संपते आणि बाही पुरते तेव्हा खांदा दंडावर उतरतो. माझे कपडे वीस-बावीस वर्षे शिवणाऱ्या गृहस्थांनी दुकान बंद केल्यापासून ही अडचण फारच जाणवू लागली आहे.

घरात आईचे काळे हातमशीन आहे. लाकडी पेटीसह ते बारा-तेरा वर्षे माळ्यावर पडून होते. परवा खाली उतरवले, तर चाक अर्धे फिरते आणि अडते. मुलीचे म्हणणे असे की जुन्याच्या नादी न लागता विजेवर चालणारे नवे झिगझॅग मशीन घ्यावे. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे पायमशीन मला झेपणार नाही. शिवणाचा अनुभव म्हणाल, तर तुटलेले बटण आणि उसवलेला खिसा यापलीकडे काही नाही. अशा स्थितीत जुन्याला मोटर बसवून घेणे शहाणपणाचे ठरेल का, आणि सुरुवात कोणत्या कपड्यापासून करावी?

रीळ

काका, मी मुलीच्या बाजूने आहे. झिगझॅग मशीनवर कापडाच्या कडा बांधता येतात, साडीला पिको, म्हणजे काठाची दाट बारीक शिलाई, करता येतो, काजे करता येतात आणि टी-शर्टसारखे ताणले जाणारे कापडही शिवता येते, कारण झिगझॅगची नागमोडी टीप कापडाबरोबर थोडी ताणली जाते आणि सरळ टीप मात्र तटकन तुटते. साधी झिगझॅग मशीन दहा-बारा हजारांच्या आसपास मिळू लागतात. फक्त टाक्यांच्या प्रकारांच्या आकड्याला भुलू नका. माझ्या मशीनवर एकवीस प्रकार आहेत. सहा वर्षांत मी सरळ टीप, झिगझॅग आणि काज याखेरीज दुसरे काही वापरल्याचे मला आठवत नाही.

दोन सूत

रीळताईंनी झिगझॅगचे जे उपयोग सांगितले ते बरोबरच आहेत. परंतु काकांना लेंगा आणि सदरा शिवायचा आहे, आणि या दोन्ही कपड्यांत काजे सोडली तर सरळ टिपेखेरीज कशाचीही गरज पडत नाही. ओतीव लोखंडाचे काळे मशीन वजनाने जड असते, त्यामुळे ते जागचे हलत नाही, कापडाचे चार थर एकावर एक आले तरी कुरकुरत नाही आणि त्याचे सुटे भाग आजही सहज मिळतात. म्हणून नवे घेण्याआधी एकदा ते कारागिराला जरूर दाखवा.

चाक अडण्याचे कारण बहुधा तेल असावे. पूर्वी घरोघरी मशीनला खोबरेल घातले जात असे, आणि ते वर्षानुवर्षे तसेच राहिले की चिकट होऊन सांध्यांत घट्ट बसते. कारागीर आधी रॉकेलने ते मोकळे करतो आणि नंतर मशीनचे पातळ तेल देतो. तेवढ्याने चाक मोकळे फिरू लागले तर दुरुस्ती किरकोळ समजावी. चाक धरून आत-बाहेर हलवून पाहा. ते खडखडत असेल तर मात्र आतील भाग झिजलेले असण्याची शक्यता आहे आणि मग खर्चाचा विचार करावा लागेल. मोटर बहुतेक काळ्या मशीनांना बसते आणि नव्या यंत्राच्या किमतीच्या मानाने ती फारच स्वस्त पडते. तरीही पहिले दोन महिने हातानेच चालवा, असे मी सुचवेन. एक हात मुठीवर आणि एकच हात कापडावर असल्याने काम संथ होते, पण नवशिक्याची टीप वाकडी जाते ती वेगामुळेच. दोरा न ओवता रेघांच्या वहीच्या कागदावर नुसती सुई चालवून पाहा. भोके रेघेवर पडू लागली की कापड घ्यावे. ती सुई नंतर कापडासाठी वापरू नये, कारण कागदाने तिचे टोक बोथट होते.

कडांविषयी सांगायचे, तर झिगझॅग नसेल तेव्हा फ्रेंच शिवण घालावी. पाच सूत माया, म्हणजे शिवणीपलीकडचे जादा कापड, सोडावी (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). कापडाच्या उलट्या बाजू एकमेकींना लावून पहिली टीप तीन सुतांवर मारावी, उरलेली कड एक सुतापर्यंत कापावी, मग कापड उलटवून दुसरी टीप दोन सुतांवर मारावी. कच्ची कड त्या शिवणीच्या पोटात बंद होते आणि कपडा आतूनही बाहेरच्याइतकाच स्वच्छ दिसतो. सदऱ्याच्या तीन-चार काजांसाठी मशीन बदलण्याचे कारण नाही. ती हाताने करता येतात किंवा बाहेरून करून आणता येतात.

सुरुवात लेंग्यापासूनच करावी. त्यात कॉलर नाही, बाही नाही, मुंढ्याची, म्हणजे बाही जोडायच्या जागेची, गोलाई नाही. पहिला लेंगा मांजरपाटाचा, म्हणजे साध्या जाड्याभरड्या सुती कापडाचा, शिवावा, म्हणजे बिघडला तरी हळहळ वाटत नाही. 36 इंच पन्ह्याचे (रुंदीचे) कापड आपल्या उंचीला अडीच मीटर घ्यावे आणि कापण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करावी. मांजरपाट आणि खादी दोन्ही आटतात, आणि आटण्याची वाट न पाहता बेतलेला लेंगा पहिल्या धुण्यानंतर घोट्याच्या वर जातो.

अस्तर

वरील सल्ल्यात थोडी भर घालते. मापे टेपने घेण्याऐवजी आपल्याला सर्वांत चांगला बसणारा जुना सदरा उसवावा आणि त्याचे तुकडे इस्त्री करून वर्तमानपत्रावर ठेवून बेत काढावा. बाहीची उणीव कागदावरच वाढवून घेता येते. तुकड्यांना शिवणीपलीकडची माया आधीच असते, हे मात्र ध्यानात ठेवावे. पहिल्या खेपेला मी ती दुसऱ्यांदा धरली आणि तो सदरा माझ्या यजमानांऐवजी थोरल्या दिरांना झाला.

निवांत

सर्वांचे आभार. दोन सूत यांचा तर्क खरा ठरला. आई खोबरेलच घालत असे. कारागिराने एका दिवसात मशीन मोकळे करून दिले आणि सुई नवी बसवली. कागदावरचा सराव झाला. मात्र काल कापडावर टीप मारली, तेव्हा वरून टीप बरी दिसली आणि खालच्या बाजूला दोऱ्याचे नुसते जाळे झाले. बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची रिळी, तीनदा काढून घातली, ती ज्यात बसते त्या केसचा स्क्रूही थोडा आवळून पाहिला, पण फरक पडला नाही.

दोन सूत

स्क्रू होता तसा परत करून ठेवा, कारण खाली गुंता दिसला तरी दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असतो. वरचा दोरा ताणाच्या दोन चकत्यांमधून जातो. दाबाचा पाय, म्हणजे दुकानात ज्याला फूट म्हणतात तो, खाली असेल तर त्या चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्या मध्ये न बसता वरूनच घसरतो. ताण नसलेला दोरा मग खाली हवा तेवढा ओढला जातो. म्हणून फूट वर उचलून दोरा पहिल्यापासून नव्याने ओवावा, नंतर फूट खाली करून दोरा हाताने ओढून पाहावा. ओढताना अडकल्यासारखे वाटले तर तो बरोबर बसला आहे. तरीही टीप चुकली तर सुई तपासा. सुईच्या एका अंगाला लांब खोबण असते आणि दोरा नेहमी त्याच अंगाने ओवायचा असतो. मांजरपाटासाठी 14 किंवा 16 नंबरची सुई योग्य होईल.

निवांत

फूट खालीच होते. वर उचलून ओवल्याबरोबर टीप दोन्हीकडून सारखी आली. उद्या भिजवलेले कापड बेततो.

अस्तर

उत्तम. नेफा, म्हणजे कमरेची नाडी ओवायची दुमड, शिवताना नाडीसाठी तोंड ठेवायला मात्र विसरू नका. माझ्या पहिल्या परकराचा नेफा मी सगळीकडून शिवून टाकला होता आणि तो पुन्हा उसवण्यात एक दुपार गेली होती.