मुंबई मेट्रोची सगळी ६९ स्थानकं एका दिवसात: मार्ग कसा आखावा?

डबा_चौथा | नोव्हेंबर २०२५

मार्गिका ३ ऑक्टोबरमध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाल्यापासून मार्गिका १, २अ, ७ आणि ३ या चारही मार्गिका एका दमात करायचा बेत आहे. माझी मोजणी अशी: मार्गिका १ ची १२, २अ आणि ७ ची मिळून ३० (दहिसर पूर्व एकदाच धरलं), मार्गिका ३ ची २७. एकूण ६९. मरोळ नाका मार्गिका १ आणि ३ या दोन्हींवर वेगवेगळं स्थानक आहे म्हणून दोनदा मोजलं.

प्रश्न असे:
१. सुरुवात आणि शेवट कुठे करावा म्हणजे तेच रूळ कमीत कमी वेळा तुडवावे लागतील?
२. मध्ये लोकल वापरली तर वेळ वाचतो का?
३. प्रत्येक स्थानकात उतरायचं ठरवलं तर एका दिवसात जमेल का?
४. तिकिटं कशी काढावीत? तीन वेगळ्या कंपन्या आहेत.

---

विषम_टोक

आधी नकाशातली नावं बाजूला ठेवून नुसता आकार बघा. मरोळ नाका ही मुख्य गाठ. तिथून चार फाटे फुटतात: कफ परेडकडे २३ टप्पे, आरे जेव्हीएलआरकडे ३, घाटकोपरकडे ४ आणि वर्सोव्याकडे ७. (टप्पा म्हणजे लागून असलेल्या दोन स्थानकांमधला प्रवास.) वर्सोव्याच्या फाट्यावर डी. एन. नगरहून पादचारी पूल ओलांडला की अंधेरी पश्चिम आणि वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेहून पूल ओलांडला की गुंदवली. या दोन पुलांमुळे २अ आणि ७ मिळून २९ टप्प्यांचं एक कडं तयार होतं.

मार्गिका ३ चे २६, मार्गिका १ चे ११ आणि कड्याचे २९ मिळून ६६ टप्पे झाले. एकही टप्पा पुन्हा न करता सगळं होणं शक्य नाही, कारण कफ परेड, आरे जेव्हीएलआर, घाटकोपर आणि वर्सोवा ही चार बंद टोकं आहेत. बंद टोकात शिरलात की आल्या वाटेने परत यावंच लागतं. यातून सुटका फक्त दोन टोकांची, जिथे प्रवास सुरू होतो आणि जिथे संपतो. गणितज्ञ ऑयलरने १७३६ मध्ये कोनिग्सबर्ग शहरातल्या पुलांबद्दल हेच सांगितलं होतं. म्हणून लांबलचक शेपटी कधीही दुमडायची नाही. कफ परेडचे २३ टप्पे परत करणं परवडत नाही, तेव्हा ते टोक सुरुवातीला किंवा शेवटी हवंच.

माझा मार्ग:

कफ परेड → आरे जेव्हीएलआर (२६)
आरे जेव्हीएलआर → मरोळ नाका (३, परतीचे)
मरोळ नाका → घाटकोपर (४)
घाटकोपर → वर्सोवा (११, त्यातले पहिले ४ परतीचे)
वर्सोवा → डी. एन. नगर (१, परतीचा)
पुलावरून चालत अंधेरी पश्चिम
अंधेरी पश्चिम → दहिसर पूर्व → गुंदवली (२९)

एकूण ७४ टप्पे, त्यातले दुबार फक्त ८.

एक टप्पा कमी करणारा मार्गही आहे. मरोळ नाक्याहून आधी वर्सोव्याकडे जायचं, कडं पूर्ण करून गुंदवलीला उतरायचं, पूल ओलांडून वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेला यायचं आणि शेवटी घाटकोपर गाठायचं. ७३ टप्पे होतात. पण त्या एका टप्प्यासाठी एक जास्तीचा बदल पदरात पडतो: जिने, पूल, सामानाची तपासणी, फाटक आणि नव्या गाडीची वाट. दोन मिनिटं वाचवायला दहा मिनिटं घालवायची. मी ७४ वालाच घेईन.

---

पूल_ओलांडून

वरचा मार्ग बरोबर आहे. त्यात वेळ भरतो, म्हणजे घड्याळाशी ताडून बघता येईल. हे सगळे अंदाज आहेत, निघण्याच्या आदल्या दिवशी ताजं वेळापत्रक बघाच.

मार्गिका ३ ची पहिली गाडी ५:५५ ला. कफ परेड ते आरे जेव्हीएलआर एक तास धरा. तिथे बाहेर पडून पुन्हा आत शिरायला आणि गाडी मिळायला दहा मिनिटं. मरोळ नाक्याला साधारण सव्वासातला पोचाल. हा बदल सगळ्यात वेळखाऊ आहे. मार्गिका ३ जमिनीच्या पोटात, मार्गिका १ खांबांवर. म्हणजे भुयारातल्या फलाटावरून एकामागून एक सरकते जिने चढून वर या, फाटकातून बाहेर पडा, मार्गिका १ च्या स्थानकात पुन्हा सामान तपासून घ्या, पुन्हा फाटक आणि पुन्हा जिना. रिकाम्या हाताने सात-आठ मिनिटं, गर्दीत बारा. पाठीवर मोठी पिशवी असेल तर ती स्कॅनरमधून जाईपर्यंत एक गाडी डोळ्यांदेखत सुटते, म्हणून पिशवी लहान ठेवा.

घाटकोपर ७:३५ च्या आसपास. कामाच्या दिवशी हा आकडा फार महत्त्वाचा आहे. साडेआठनंतर घाटकोपरच्या फलाटावर मध्य रेल्वेतून उतरलेली सगळी गर्दी अंधेरीकडे जायला उभी असते आणि मार्गिका १ ची गाडी चारच डब्यांची (२अ आणि ७ वर सहा, ३ वर आठ). त्या गर्दीच्या आधी घाटकोपर उरकायचं म्हणूनच सुरुवात कफ परेडहून पहाटे करायची. उलट दिशेने, म्हणजे गुंदवलीहून सकाळी निघालात, तर घाटकोपर नेमकं ऐन गर्दीत येतं.

घाटकोपर ते वर्सोवा २१ मिनिटं. गर्दीच्या वेळी घाटकोपर–अंधेरी एवढीच आखूड फेरी करणारी गाडी येऊ शकते, तेव्हा फलाटावरच्या फलकावर ‘वर्सोवा’ वाचूनच चढा. वर्सोव्याला आठ वाजता, डी. एन. नगरचा पूल ओलांडून अंधेरी पश्चिमच्या फलाटावर सव्वाआठ ते साडेआठच्या दरम्यान. मग गुंदवलीपर्यंत थेट गाडी, सव्वा तास धरा. दहिसर पूर्वला उतरायची गरज नाही, तीच गाडी २अ वरून ७ वर जाते. इथेही फलकावर ‘गुंदवली’ लिहिलंय ना, ते बघून घ्या.

म्हणजे ५:५५ ला निघून पावणेदहाच्या आसपास काम फत्ते. गाडीतून न उतरता सगळी स्थानकं बघायला पावणेचार तास पुरे. दुपारी निघालात तरी चालेल, फक्त मरोळ नाका आणि घाटकोपर संध्याकाळच्या गर्दीत येणार नाहीत एवढं बघा.

---

रूळवेडी_बोरिवलीकर

लोकलबद्दल. आरे जेव्हीएलआरहून सुरू करून कफ परेड, तिथून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत मागे (४ टप्पे), मग मध्य रेल्वेची जलद लोकल धरून घाटकोपर, असा मार्ग बऱ्याच जणांच्या मनात येतो. कागदावर छान दिसतो, कारण आरे आणि घाटकोपर दोन्ही शेपट्यांची परतफेड वाचते. पण वाचतं काय? मेट्रोचे सात टप्पे आणि मरोळचा बदल, म्हणजे पंचवीस-तीस मिनिटं. त्या बदल्यात चार टप्पे मागे, भुयारातून वर येऊन लोकलचा फलाट गाठणं आणि लोकलचा अर्धा तास. शिवाय सीएसएमटी ते घाटकोपर लोकल वेळापत्रकाप्रमाणेच धावेल याचा भरवसा नाही. लोकल वापरून काही साधत नाही.

दुसरी कल्पना आरे जेव्हीएलआरहून जोगेश्वरी–विक्रोळी जोडरस्त्याने (जेव्हीएलआर म्हणजे तोच) बस किंवा रिक्षा करून मार्गिका ७ वरच्या जोगेश्वरी पूर्वला जायची. ती नको. कड्यात मधूनच शिरलात की मोगरा आणि गुंदवली एकीकडे लटकतात, त्यांच्यासाठी वेगळं जाऊन परत यावं लागतं.

आता नावांचे सापळे. अनोळखी माणूस हमखास इथेच फसतो:

‘आरे’ मार्गिका ७ वर, ‘आरे जेव्हीएलआर’ मार्गिका ३ वर. दोन्हींत काही किलोमीटरचं अंतर आहे. फोनवरच्या नकाशात नुसतं ‘आरे मेट्रो’ टाकलंत तर भलतीकडे पोचाल.

‘अंधेरी’ मार्गिका १ वर, ‘अंधेरी पश्चिम’ २अ वर, ‘एमआयडीसी–अंधेरी’ मार्गिका ३ वर. मार्गिका १ वरून २अ ला जायचं तर अंधेरीला उतरायचं नाही, डी. एन. नगरला उतरायचं.

‘एअरपोर्ट रोड’ मार्गिका १ वर. विमानतळाची टी-१ आणि टी-२ ही स्थानकं मार्गिका ३ वर.

मालाड पश्चिम आणि लोअर मालाड, ओशिवरा आणि लोअर ओशिवरा, गोरेगाव पूर्व आणि गोरेगाव पश्चिम या सगळ्या स्वतंत्र जोड्या आहेत. यादीवर खूण करताना घाईत एक सुटतं. यादी मार्गिकेच्या क्रमानेच छापून घ्या, अकारविल्हे नको.

---

विषम_टोक

प्रत्येक स्थानकात उतरण्याचं गणित मांडतो, ते वाटतं तेवढं अवघड नाही.

उतरलात आणि मागची गाडी धरलीत, तर प्रत्येक उतरण्याची किंमत म्हणजे दोन गाड्यांमधलं अंतर. मधली स्थानकं मार्गिका ३ वर २५, मार्गिका १ वर १०, कड्यावर २८. गाड्यांमधलं अंतर अनुक्रमे ६, ४ आणि ८ मिनिटं धरू (त्या दिवशीचे आकडे टाकून पुन्हा करा). मार्गिका ३: ६० + १५० = २१० मिनिटं. मार्गिका १: २१ + ४० = ६१. कडं: ७५ + २२४, म्हणजे जवळजवळ पाच तास. परतीचे टप्पे आणि बदल धरून एकूण साडेदहा तासांच्या आसपास. ५:५५ ला निघालात तर संध्याकाळी साडेचारला गुंदवली. एका दिवसात आरामात बसतं.

मात्र फाटकाबाहेर पडून रस्त्यावर पाय ठेवायची अट घातलीत तर चित्र बदलतं. बाहेर जाऊन परत येईपर्यंत एक गाडी हमखास सुटते, म्हणजे प्रत्येक स्थानकाला दुप्पट वेळ. मार्गिका ३ सहा तास, कडं पावणेनऊ तास, मार्गिका १ पावणेदोन तास. वर बदल. सेवा सुरू असण्याच्या वेळेत हे बसत नाही. दोन दिवस करा: एक दिवस मार्गिका ३, दुसऱ्या दिवशी १ आणि कडं.

दोन पुढे, एक मागे या युक्तीबद्दल कुणी सांगेलच, म्हणून आधीच लिहितो. एक स्थानक सोडून पुढच्याला उतरायचं, उलट्या गाडीने सोडलेल्या स्थानकावर यायचं आणि तिथून पुढे निघायचं. जमली तर एका गाडीच्या अंतरात दोन स्थानकं होतात. पण उलटी गाडी एका ठरावीक फटीतच मिळायला हवी. ती फट म्हणजे गाड्यांमधलं अंतर वजा दोन टप्प्यांचा वेळ. मार्गिका ३ वर सहातून साडेचार गेले, उरलं दीड मिनिट. कड्यावर आठातून पाच गेले, उरली तीन मिनिटं, आणि तिथे दोन्ही दिशांचे फलाट समोरासमोर असल्याने दोनदा जिने उतरून चढण्यातच ती संपतात. गाड्या पंधरा मिनिटांनी असत्या तर ही युक्ती सोन्यासारखी होती. इथे तिच्या नादी लागू नका.

---

पूल_ओलांडून

तिकिटं. ‘मुंबई वन’ ॲपवर तिन्ही कंपन्यांचं तिकीट मिळतं, पण ॲप तुम्हाला जवळचा मार्ग देणार आणि आपला मार्ग मुद्दाम वाकडा आहे. म्हणून तुकडे करा: कफ परेड–आरे जेव्हीएलआर, आरे जेव्हीएलआर–घाटकोपर (मार्गिका ३ आणि १ मिळून), घाटकोपर–वर्सोवा, वर्सोवा–डी. एन. नगर, अंधेरी पश्चिम–गुंदवली. मार्गिका ३ चं कमाल भाडं ७० रुपये, मार्गिका १ चं ४०.

वर्सोव्याला आणि घाटकोपरला बाहेर न पडता तीच गाडी परत धरायचा मोह टाळा. डी. एन. नगरचं तिकीट घेऊन वर्सोव्यापर्यंत जाऊन येणं म्हणजे तिकिटापलीकडचा प्रवास. दहा रुपयांसाठी दंड कशाला?

प्रत्येक स्थानकात उतरणार असाल तर एकाच तिकिटावर पूर्ण मार्गिका करू नका. आत राहण्याला वेळमर्यादा असते, ती ओलांडली की फाटक उघडत नाही आणि जादा पैसे भरावे लागतात. मार्गिका ३ चे आचार्य अत्रे चौक आणि बीकेसी इथे तोडून तीन भाग करा. कड्याचे चार भाग करा: बोरिवली पश्चिम, दहिसर पूर्व आणि दिंडोशी इथे तोडता येईल.

भुयारात मोबाइल नेटवर्कवर विसंबू नका. पुढचं तिकीट वरती असतानाच काढा, नाहीतर खिडकीवरून कागदी घ्या.

---

डबा_चौथा

सगळ्यांचे आभार, कफ परेडहून ५:५५ ची पक्की. उतरायचं, पण फाटकाबाहेर नाही. नवी मुंबई धरायची झाली तर? आणि पुढच्या मार्गिका उघडल्यावर हा आराखडा टिकेल का?

---

विषम_टोक

नवी मुंबईची ११ स्थानकं (बेलापूर ते पेंधर) या जाळ्याला कुठेच जोडलेली नाहीत. धरायचीच तर पेंधरहून सुरू करा, बेलापूरला उतरून हार्बरने सीएसएमटी, मेट्रोने चार टप्पे कफ परेड आणि पुढे आहे तसंच. ८० स्थानकं होतील, पण प्रत्येक ठिकाणी उतरून एका दिवसात बसवायला ओढाताण होईल. पेंधरहून सुरू करून मध्ये न उतरता गेलात तर घाटकोपर गर्दीत येईल तेही लक्षात घ्या.

दहिसर पूर्वहून मीरा-भाईंदरकडे जाणारी मार्गिका ९ उघडली की तिथे नवी शेपटी फुटेल. दहिसर ते गुंदवली १३ टप्पे आहेत आणि मार्गिका ९ चे त्याहून कमी, म्हणून दुमडायची ती ९ आणि शेवट गुंदवलीलाच. ७अ मुळे गुंदवली विमानतळाच्या टी-२ ला जोडली की मात्र कफ परेडच्या शेपटीवर नवी गाठ पडते, आणि जेव्हीएलआरवरून जाणारी मार्गिका ६ आली की आरे जेव्हीएलआर बंद टोक राहत नाही. तेव्हा बंद टोकं पुन्हा मोजून मार्ग नव्याने मांडावा लागेल.