रस्त्यावर सापडलेले कासव: आता काय करावे?

प्रश्न: काल सायंकाळी पाऊस थांबल्यावर सिंहगड रस्त्यावरील आमच्या सोसायटीच्या फाटकाजवळ तळहाताएवढे हिरवे कासव आढळले. ते माणसांना बुजत नाही, म्हणजे कुणाचे तरी पाळीव असावे. त्याला मुठा नदीत सोडावे का?

उत्तर १: कृपया नदीत किंवा पाषाण तलावात सोडू नका. डोळ्यांमागे लाल पट्टा असेल, तर ते मूळचे अमेरिकेतील ‘रेड-इअर्ड स्लायडर’ आहे. मोकळ्या पाण्यात ते तगते, वाढते आणि अन्न व उन्हात बसण्याच्या जागा बळकावून आपल्या स्थानिक कासवांना हुसकावते. तूर्त टबमध्ये त्याला पोहता येईल इतके पाणी आणि चढून बसायला दगड ठेवा. दूध-भात देऊ नका.

उत्तर २: पाठीवर पिवळ्या रेषांच्या चांदण्या असतील, तर ते जमिनीवर राहणारे तारा कासव आहे आणि त्याला पाण्यात ठेवणे जिवावर बेतू शकते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार ते संरक्षित असल्याने, हेतू कितीही चांगला असला तरी, घरी बाळगणे हा गुन्हाच ठरतो. वन विभागाला १९२६ या क्रमांकावर त्वरित कळवावे.

प्रश्नकर्ता: लाल पट्टा स्पष्ट दिसतो. मालक कसा शोधावा?

उत्तर ३: आसपासच्या सोसायट्यांत सूचना लावा, मात्र कवचावरील खुणा त्यात लिहू नका, त्या मालकी सांगणाऱ्यानेच सांगाव्यात. कासवाच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात, म्हणून हाताळल्यावर साबणाने हात धुवा आणि लहान मुलांना दूर ठेवा. मालक न मिळाल्यास बावधनच्या रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्टचा सल्ला घ्यावा.