पहिली नोकरी : 'स्वतःबद्दल सांगा' म्हटलं की डोकं ब्लँक, काय करू?

गोंधळी_फ्रेशर :
नमस्कार मंडळी, कॉम्प्युटर सायन्सची डिग्री होऊन सात महिने झाले, आतापर्यंत चार इंटरव्ह्यू दिले, चारही ठिकाणी "कळवतो" म्हणाले ते अजून कळवतायत. अभ्यास नाही असं नाही, नॉर्मलायझेशन (डेटाबेसमध्ये तीच माहिती पुन्हा पुन्हा लिहावी लागू नये म्हणून टेबलं वेगळी करणं) झोपेत उठवून विचारलं तरी सांगेन. पण समोर तिघं बसले आणि म्हणाले "स्वतःबद्दल सांगा" की पाठ केलेलं पहिलं वाक्य येतं, दुसरं येतं आणि पुढे सगळं गायब. परवा तर कहर झाला. रिझ्युमेवर लायब्ररी मॅनेजमेंटचा प्रोजेक्ट आहे, एका मॅडमनी शांतपणे विचारलं, पुस्तकाचं टेबल आणि प्रतींचं टेबल वेगळं का ठेवलं? मला काही सुचेचना. खरं सांगायचं तर प्रोजेक्ट चौघांचा, डेटाबेस मित्राने केला, मी लॉगिन पेज केलं आणि रिपोर्ट टाइप केला. मी म्हणालो "सरांनी तसं सांगितलं होतं", त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं पान उलटलं. प्रोजेक्ट काढूनच टाकू का रिझ्युमेवरून? पण मग उरतंच काय?

बग_शोधक :
काढू नकोस रे. मी डेव्हलपर आहे, अधूनमधून इंटरव्ह्यू घ्यायला बसवतात. ग्रुप प्रोजेक्टमध्ये एक जण राबतो आणि बाकीचे नावाला असतात हे काय आम्हाला माहीत नाही होय, आम्ही पण तेच करून आलोय. तो प्रश्न अडकवायला नव्हता. एका पुस्तकाच्या पाच प्रती असल्या आणि टेबल एकच ठेवलं तर नाव, लेखक, प्रकाशक सगळं पाचदा लिहा, उद्या नावात चूक सापडली की पाच ठिकाणी दुरुस्त करा, एखादी राहिली की एकाच पुस्तकाची दोन नावं. शिवाय वाचक घरी नेतो ती एक ठरावीक प्रत, म्हणून इश्यूची नोंद प्रतीच्या नंबराला जोडायची. झालं, एवढंच. तू झोपेत सांगतोस ते नॉर्मलायझेशन हेच, तुझ्याच प्रोजेक्टमध्ये बसलं होतं आणि तुला ओळखू आलं नाही.

आता मित्राकडून कोड घे आणि स्वतःच्या मशीनवर चालव (त्यातच दोन दिवस जातील, जाऊ देत). मग छोटंसं काहीतरी स्वतः घाल, समजा सगळ्या प्रती बाहेर असतील तर पुस्तक रिझर्व्ह करायची सोय. ऐकायला किरकोळ वाटतं, पण करायला बसलास की कळेल, रिझर्व्हेशन प्रतीवर घ्यायचं की पुस्तकावर, दोघांनी केलं तर आधी कोणाला, प्रत आली आणि पहिला माणूस न्यायलाच आला नाही तर किती दिवस थांबायचं. यावर तू दहा मिनिटं न अडखळता बोलशील बघ. आणि सरळ सांगायचं, प्रोजेक्ट चौघांचा, लॉगिन माझं, रिझर्व्हेशन मी नंतर घातलं. लॉगिनला पण कमी समजू नकोस, पासवर्ड जसाच्या तसा ठेवलाय की हॅश करून (म्हणजे उलटा वाचता येणार नाही अशा अक्षरांत बदलून), हे मी तरी हमखास विचारतो.

भरती_डेस्क :
मी एचआरमध्ये आहे, माझे दोन पैसे. "स्वतःबद्दल सांगा" हा पाठांतराचा प्रश्नच नाही हो. जन्म कुठे झाला, घरी कोण कोण, छंद वाचन, यातलं काही नको. दीड मिनिटात काय शिकलात, त्यातलं स्वतःच्या हाताने काय केलंत आणि ही जागा का हवी, बास. वाक्यं पाठ केली की एक विसरलं तरी गाडी तिथेच अडकते, म्हणून तीन मुद्देच डोक्यात ठेवा आणि दर वेळी वेगळ्या शब्दांत सांगा.

रिझ्युमेवर स्किलच्या रंगीत पट्ट्या असतील तर त्या मात्र काढा, "जावा ८० टक्के", हे ८० मोजले कुणी? दोन कॉलमचा साचा पण शक्यतो नको, बऱ्याच ठिकाणी अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि दोन्ही कॉलमचा मजकूर कधीकधी एकमेकांत घुसतो. आपली पीडीएफ उघडा, सगळं सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये पेस्ट करून बघा. शिक्षणाच्या मधोमध फोन नंबर आला तर साचा बदला, आणि काहीच पेस्ट झालं नाही तर तुम्ही पीडीएफच्या नावाखाली नुसता फोटो पाठवताय.

नववा_नंबर :
आठ ठिकाणी नापास होऊन नवव्या ठिकाणी लागलो म्हणून हे नाव. मी मोबाइलवर स्वतःचं उत्तर रेकॉर्ड करून ऐकलं, दोन मिनिटांत सतरा वेळा "ॲक्च्युअली". लाज वाटली पण दोन आठवड्यांत बरंच कमी झालं. आणि येत नसेल तर "माहीत नाही, पण मला वाटतं असं असावं कारण..." असं बोलायला शिक, गप्प बसण्यापेक्षा शंभर पट बरं. अजून एक, विषय वेगळा आहे पण सांगतो, सिलेक्शन झालंय, आता ट्रेनिंगचे किंवा डिपॉझिटचे पैसे भरा असा मेल आला तर डिलीट मार. सात महिने घरी बसलं की माणूस अशाला फसतो, मी थोडक्यात वाचलो.

गोंधळी_फ्रेशर :
सगळ्यांना थँक्यू. नोटपॅडवाली टेस्ट केली, माझं नाव सगळ्यात खाली आलं, साचा बदलतोय. मित्राने आधी भरपूर हसून घेतलं आणि मग कोड पाठवला, तो चालत नाहीये, कारण डेटाबेसला जोडणाऱ्या ओळीत त्याच्याच लॅपटॉपवरचा फाइलचा पत्ता लिहिलेला आहे. आणि बग_शोधक, लॉगिन उघडून बघितलं. पासवर्ड जसाच्या तसाच ठेवलाय. मीच.

बग_शोधक :
चला, एक पेपर तर फुटला 😄 आधी ते दुरुस्त कर, रिझर्व्हेशन नंतर. आणि नुसतं एमडी५ (हॅशची जुनी पद्धत) लावून मोकळा होऊ नकोस, बीक्रिप्ट (खास पासवर्डसाठी बनवलेली हॅशची पद्धत) बघ, कारण पुढचा प्रश्न तोच येणार, एमडी५ का नाही.